सोपानरावांची सुरगाठ

आमचे सोपानराव कँटीनमध्ये साधा चहासुद्धा सरळ मागत नाहीत. "निरोप चहावाल्याला. पाठवणार सोपान. मजकूर एक कप. साखर बदलता येण्याजोगी." चहावाला बिहारचा. तो बिचारा "जी साब" म्हणतो आणि रोज तोच गोडमिट्ट चहा पुढे ठेवतो.

शिरूरजवळच्या एका कंपनीत आम्ही दोघं गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो. हल्ली एका गाडीत ब्रेकचा, दाराचा, दिव्यांचा असे कितीतरी छोटे कॉम्प्युटर असतात आणि ते सारखे एकमेकांना निरोप धाडतात. कोणी कोणाला काय सांगायचं, हे पूर्वी प्रोग्रॅममध्येच कायमचं लिहिलेलं असे. एक बदल करायचा तर सगळं उसवा. सोपानरावांनी हट्टाने निरोपांच्या वाटा बाहेर सेटिंगमध्ये काढल्या. आता एक वाट बंद पडली तर प्रोग्रॅमला हात न लावता दुसरी लावता येते. तरी कुणी घाईत काही पक्कं लिहिलंच, की हे खुर्चीमागे हजर. "निरगाठ नको रं बाबा, सुरगाठ मार!"

ऑफिसातल्या एकाच्या लग्नात नवऱ्याच्या उपरण्याची आणि नवरीच्या पदराची गाठ मारली जात असताना हे पुढे वाकून तेच म्हणाले. नवरीच्या मामांनी यांना दंडाला धरून पंगतीत नेऊन बसवलं.

माणूस चाळिशीचा. लग्न केलं नाही. शिरूरला भाड्याच्या खोलीत एकटाच राहतो. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हापासून दर रविवारी भीमा ओलांडून गावी, खुटबावला जातात आणि जेवणाआधीच परत येतात. "वडील एकटे आहेत, दिवसभर थांबत का नाही?" मी विचारलं.

तेव्हा कळलं. बापलेक कधी थेट बोललेच नव्हते. भांडण नाही, त्या घराची रीतच तशी. वडील, म्हणजे आबा, आईला म्हणायचे, "तुझ्या लेकाला सांग." हे म्हणायचे, "आबांना इचार." सगळं आईमार्फत.

"आबांना शिरूरला आणायचंय," सोपानराव म्हणाले, "पन इचारनार कोन? तुम्ही चला. निस्तं मधी बसा."

गेलो. ओट्यावर तिघंही हाताच्या अंतरावर बसलो होतो. आबांनी स्वतः चहा केला आणि मला म्हणाले, "पाव्हणं, त्याला म्हणावं, चा घे."

मी सांगितलं.

सोपानराव मला म्हणाले, "आबांना म्हणावं, शिरूरला ऱ्हायला चला."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. "हे तुमचं तुम्ही सांगा," मी म्हणालो.

सोपानरावांनी कप हातात घेतला. मग मान वर न करता म्हणाले, "आबा, घरी गेलं की बोलायला कुनी न्हाई मला."

आबांनी आपला कप खाली ठेवला.

"मला तरी कोन हाय रं, सोपाना?"

मी उठून गोठ्याकडे गेलो. तिथं माझं काहीच काम नव्हतं.