उजव्या कौलाची बॅटरी

श्री सातेरी प्रसन्न. मसुऱ्याच्या अलीकडे, खाडीचे काठी, खालचीवाडी म्हणोन वस्ती आहे. तेथील राजश्री सत्यवानराव परब, ट्रॅक्टरधारी, यांनी पौष मासी, वायंगणी म्हणजे उन्हाळी भाताचे ऐन हंगामात, आपले पुराण्या ट्रॅक्टरास नवी आणि टिकाऊ बॅटरी घालावयाचा मनसुबा कैसा केला, त्यात फजीत कैसे पावले आणि अखेर फत्ते कैसी जाहली, त्याची हकिकत लिहोन ठेवावी ऐसे वाडीतील चार शहाण्यांचे मते ठरले. शहाणे तीनच मिळाले, चौथे खुद्द सत्यवानराव. सबब त्यांची थोरवी जागोजाग थोडी वाढीव आढळल्यास वाचणाराने सांभाळून घ्यावी.

प्रथम ट्रॅक्टराचे वर्णन. सदरहू ट्रॅक्टर तीर्थरूपांचे कारकीर्दीतला. मूळ रंग तांबडा ऐसे जुनी माणसे सांगतात, परंतु खाऱ्या वाऱ्याने तो केव्हाच खाल्ला. सत्यवानराव त्यास सरदार म्हणत आणि उभी वाडी त्यास 'धक्क्याचो' म्हणे. कारण आतील बॅटरी मृत. किल्ली फिरवावी तो आतून 'टक' ऐसा एकच शब्द निघे आणि मग सारा शुकशुकाट. म्हणोन ट्रॅक्टर रोज सांजचा घराशेजारील घाटीचे माथ्यावर चढवावा आणि चाकांखाली चिरे लावावे, आणि सकाळी चिरे काढावे आणि मागून धक्का मारून उतारावर सोडावा, मग तो निम्मे घाटीत खोकत खोकत चालू होई. धक्का मारावयास पिछाडीची जी काही फौज ती सौभाग्यवती सुगंधाबाई, धनीणबाई. दुसरा शिपाई नाही. सत्यवानराव वर बसोन सुकाणू धरीत आणि "मार गो, मार!" ऐसी आज्ञा करीत, आणि चालू जाहला म्हणजे आपणच घामाघूम झाल्यासारखे कपाळ पुशीत. मग दिवसभर इंजिन बंद करावयाची छाती नसे, कारण खाली वायंगणात चहूकडे सपाट चिखल, तेथे उतार कोठून आणावा?

ऐसे चालले असता एके सकाळी दवाने घाटी निसरडी जाहली होती. सुगंधाबाईंनी जोर लाविला, ट्रॅक्टर सुटला आणि बाई चिऱ्यावर आपटल्या. दोन्ही गुडघे फुटले. सरदार तर खाली जाऊन चालू जाहला, परंतु सत्यवानराव मागे वळोन पाहतात तो बाई उठोन उभ्या, लुगड्यास रक्त. सांजच्याला हुकूम सुटला.

"दोन वरसां झाली, ह्या धुडाक मीच ढकलतंय. आता किल्येन चालू झालो तर रवांदे घरात. नाय तर भंगारवालो न्हेतलो, आणि चिखल दत्तप्रसाद करतलो."

दत्तप्रसाद म्हणजे सत्यवानरावांचे चुलतबंधू आणि जन्माचे गनीम. त्यांनी गेल्या साली नवा पॉवर टिलर आणिला होता आणि तो हेतुपुरस्सर परबांचे दारावरून फिरवीत. त्यांचे यंत्र चिखल करावयास आपले कुणग्यात, म्हणजे भाताचे खाचरात, उतरणे म्हणजे वाडीत नाक कापून घेणे. इकडे भातरोपांचा तरवा हाताएवढा वाढोन लावणीस आला होता, आणि थांबावयास सवड नव्हती. सत्यवानरावांनी चार लोकांत अब्रूचे भय सांगितले. खरे भय निराळे होते. बाई हळद लावीत बसल्या तेव्हा त्यांनी ते गुडघे पाहिले आणि त्यांस आपली फार लाज वाटली. हे वाक्य बखरीत घालू नये म्हणोन त्यांनी बजाविले होते, परंतु ते राहिले.

मग तिठ्यावर, चहाचे टपरीत, मसलत बैसली. दत्तप्रसाद बिनबोलावता हजर जाहले आणि त्यांनी ऐसा सल्ला दिला की, टिकाऊच पाहिजे तर इन्व्हर्टरची बॅटरी घालावी, आमचे घरची मरता मरत नाही. ती ट्रॅक्टराचे पेटीत मावावयाची नाही आणि स्टार्टरास एकदम लागतो तो जोर तिच्या अंगी नाही, हे त्यांस पक्के ठाऊक होते. दुसऱ्याने मोटारीची सुचविली, तिसऱ्याने मोटारीच्या दोन सुचविल्या. चहा संपला आणि मसलतही संपली.

मग कुडाळचे बॅटरीवाले सिद्धेश यांजकडे फोनावरून विचारणा केली. त्यांनी साफ सांगितले की, तुमचे कामाच्या दोन आहेत. एक बंद झाकणाची, तीस पाणी घालणे नको, देखणी आणि हलकी. दुसरी बुचांची, अंगाने जड, आतील पत्रे जाड आणि घट्ट बसविलेले, सबब ट्रॅक्टराचे हादरे सोसोन पुष्कळ वर्षे टिकेल, मात्र वेळच्या वेळी पाणी पाहावे लागेल. यावर सत्यवानराव पेचात पडले. टिकाऊ पाहिजे म्हणावे तर पाणी घालणे आले, आणि घरातील माठात पाणी आहे की नाही याची ज्यांस कधी खबर नसे, त्यांनी बॅटरीचे पाणी पाहावे कैसे? डोके चालेना. आणि डोके चालेनासे जाहले म्हणजे आमचे मुलखात जो रिवाज आहे तो त्यांनी केला, देवीस कौल लाविला.

धोंडू गुरव यांनी सातेरीचे पाषाणास उजवे डावे अंगी ओल्या पाकळ्या चिकटविल्या आणि गाऱ्हाणे घातले.

"बा देवी माये, आज हो सत्यवान तुझ्या पायाकडे इलोहा. तेच्या गाडयेक बॅटरी व्हयी. पाण्याची घेवची तर उजवी दी, बंदची घेवची तर डावी दी. वाकडा काय आसात ता सरळ कर गे माये!"

"व्हय म्हाराजा!" ऐसे सत्यवानराव एकटेच, परंतु दहा जणांचे आवाजाने ओरडले. देवीने पुष्कळ वेळ घेतला. गुरवांनी तीस दोन वेळा प्रेमाने दटाविले. मग उजवे अंगाची पाकळी सुटली.

"उजवी दिल्यान!" गुरव गर्जले.

झाले. सत्यवानराव तैसेच एसटीत बैसोन कुडाळावर चालोन गेले. जुनी बॅटरी बरोबर न्यावी ऐसे सुगंधाबाईंनी सुचविले असता, "मढा घेवन देवाच्या कामाक कोण जाता?" ऐसा उलटा सवाल केला. वाटेने "उजवी, उजवी" ऐसा जप चालविला. गाडीत बाजाराची गर्दी, शेजारीण टोपलीतील कोंबडा सांभाळावयास देऊन झोपी गेली, आणि त्या गडबडीत कौलातील पाणी वाटेतच सांडले. कुडाळास उतरले तेव्हा मुखी नुसती उजवी शिल्लक होती.

दुकानात सिद्धेश यांनी रोजचे धंद्याचे रीतीने पुसले, "खंयची व्हयी? डावी काय उजवी?"

आता बॅटरीचा धनाचा, म्हणजे अधिक खुणेचा, खुंट डावे हातास असतो किंवा उजवे हातास, त्यावरून तीस डावी उजवी म्हणतात, इतकाच या पुसण्याचा अर्थ. परंतु सत्यवानरावांचे अंगावर काटा उभा राहिला. देवीचा शब्द आपणाआधी कुडाळास पोहोचला! त्यांनी दुकानदारास हात जोडिले आणि डोळ्यांस पाणी आणून बोलिले, "उजवी! देवीन उजवीच दिल्यान!"

सिद्धेश यांनी दोन वेळा पुसले की, जुनी आणिली नाही, तिचा फोटो तरी आहे काय? त्यावर उत्तर जाहले, "देवीच्या शब्दाक फोटो कित्याक व्हयो?" या उत्तरापुढे कोणता दुकानदार बोलेल? उजवे खुंटाची म्हणोन जी तयार होती ती त्यांनी दिली. ती बंद झाकणाची होती.

मोठ्या इतमामाने ती घाटीचे माथ्यावर आली. नारळ फुटला. दत्तप्रसादही पाहावयास आले आणि खोबरे खात उभे राहिले. मग सत्यवानराव बॅटरी पेटीत बसवितात तो धनाची वायर डावीकडे आणि खुंट उजवीकडे, मध्ये वीतभर रान मोकळे. वायर ओढिली, ती येईना. बॅटरी फिरविली, तर खुंट पार पलीकडचे कडेस गेले आणि वीतभराचे हातभर जाहले. मग त्यांस ऐसी बुद्धी जाहली की, दोन्ही खुंट अखेर एकाच बॅटरीचे, धनाची वायर ऋणास लाविली म्हणोन काय मोठे बिघडणार? वायर खुंटास टेकणार इतक्यात मागून सुगंधाबाईंनी मनगट धरिले.

"जळान गेलात तर मी कोणाक ढकलू?"

दत्तप्रसाद मोठ्याने हसले. सत्यवानरावांनी वायर खाली ठेविली आणि चिऱ्यावर बैसले. आपण गाढव आहो ऐसे त्यांचे मनात आले, आणि पुष्कळ दिवसांनी एखादी गोष्ट त्यांस बिनकौलाची पटली.

बाईंनी तेथेच चौकशी मांडिली. देवी नेमके काय बोलली? धोंडू गुरव यांस पाचारण जाहले. त्यांनी सारे ऐकून कपाळावर हात मारिला. "उजवी म्हंजे पाण्याची रे मेल्या! देवी काय वायरमन आसा?"

मग दुसरे मोहिमेचे सेनापतिपद सुगंधाबाईंनी आपणाकडे घेतले. दुसरे दिवशी रिक्षा केली, पायांशी जुनी बॅटरी गोणपाटात, शेजारी नवी, आणि सत्यवानराव पुढे रिक्षावाल्याचे बाजूस अर्धे बाहेर. कुडाळास बाईंनी जुनी दुकानात ठेविली आणि म्हणाल्या, "ह्येच्यासारखी डावी, आणि बुचांची, जड." सिद्धेश यांनी नवी वापरली नाही ऐसे पाहोन बदलून दिली. बाईंनी ती कोणते महिन्यात तयार जाहली ते छापील वाचून घेतले, हलवून पाहिली, उचलून पाहिली. दोन वर्षे ट्रॅक्टर ढकलणारीस वजन काय शिकवावे? खाऱ्या हवेने खुंट खाऊ नयेत म्हणोन लावावयाची व्हॅसलिनाची डबीही मागून घेतली. सत्यवानराव मुकाट्याने ओझे वाहते जाहले.

ट्रॅक्टरात ती ऐसी बसली जैसी तेथेच वाढली. किल्ली फिरविली आणि घाटीचे माथ्यावरच, चिरे न काढिता, इंजिन गरजले. सत्यवानरावांनी आरोळी ठोकिली. परंतु बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की, हे खरे नव्हे, खाली कुणग्यात मधोमध बंद करून चालू करावा, म्हणजे खरे.

हे ऐकोन सत्यवानरावांनी मनाशी हिशेब मांडिला. चिखलात बंद पडला आणि उठला नाही, तर दत्तप्रसादांचे टिलराने ओढून काढावा लागेल, आणि मग भंगारवाला. तथापि हुकूम तो हुकूम. ट्रॅक्टर चिखलात उतरला, निम्मे कुणगे फिरोन मध्यावर आला. बांधावर दत्तप्रसाद उभे. सत्यवानरावांनी बाईंकडे पाहिले आणि इंजिन बंद केले. दोन वर्षांत प्रथमच त्या कुणग्यात बगळ्यांचे पाय चिखलात पडण्याचा आवाज ऐकू आला. मग सातेरीचे नाव घेतले आणि किल्ली फिरविली. टक म्हणाला नाही. एकदम धडधडला. दत्तप्रसाद काही काम आठवल्यासारखे करून निघोन गेले.

मग बाईंनी पुन्हा बंद करविला, किल्ली काढून घेतली आणि कनवटीस लाविली आणि बांधावर पेज वाढली. सत्यवानराव दोन घोट प्याले आणि थांबले.

"गुडघे कशे आसत गो?"

"दुकतत." बाईंनी लोणच्याची फोड त्यांचे वाटीत घातली. "आवाज बंद झाल्यार इचारूक सुचला तुमका."

अडचणीचे बोलणे निघाले म्हणजे सत्यवानराव इंजिनाचे आवाजात दडत. त्यांचा हात किल्लीकडे गेला. किल्ली कनवटीस. मग त्यांनी बसोन बाईंचे सारे ऐकून घेतले, दोन वर्षांचे थकलेले बोलणे, एक शब्द न वगळता, आणि पेज निवली तरी उठले नाहीत. कुणग्याचा उरलेला चिखल त्या दिवशी उशिरा जाहला.

येणेप्रमाणे खालचीवाडीचे कुणग्यात फत्ते जाहली. सरदार घरी राहिला, भंगारवाल्यास नकार गेला, लावणी वेळेत उरकली. फत्ते कोणाचे नावे लिहावी ऐसा वाद उरलेल्या तिघा शहाण्यांत पडला, तेव्हा सत्यवानरावांस विचारावयास माणूस पाठविला. ते बुचे काढून बॅटरीचे पाणी पाहात होते. मान वर न करिता त्यांनी सांगितले की, तिचे नावे लिहा, आणि मोठे अक्षरात लिहा. तैसे लिहिले आहे: फत्ते सौभाग्यवती सुगंधाबाईंची.