हौसाक्का, मैना आणि बिनसायलेन्सरचा चोर

माझ्या शेजारची हौसाक्का माणसांशी बोलत न्हवती. म्हशीशी बोलायची. माणसांनी ते ऐकून घ्यायचं.

"मैने, त्या बाळूला सांग, खरकाटं पाणी आमच्या दारात वतू नगो म्हणावं."

बाळू म्हंजे मी. मी म्हशीम्होरं हात जोडायचो, "मैनाबाई, चुकलं." म्हैस नुसती रवंथ करायची. माझ्या घरातबी माझ्या बोलण्याला ह्यापरास जास्त जबाब कधी मिळाला न्हाय.

दुधाच्या गिऱ्हाइकाशीबी तेच. पदर तोंडाला लावून म्हणायची, "मैने, पावण्यास्नी सांग, आज दूध कमी हाय." नवं गिऱ्हाईक हिकडं-तिकडं बघायचं आणि दुसरा गोठा धरायचं. अक्काचा मालक वारलेला, पोरबाळ न्हाय. कोडोलीचा दीर दर खेपंला म्हणायचा, "वैनी, तोंड उघडत न्हाय तिनं धंदा काय करावा? म्हैस इकू या, तुमी आमच्यात चला." अक्का खाली बघायची. तिनं खाली बघितलं की दीर समजायचा, कबूल. दिवाळी झाल्यावर व्यापाऱ्यालाच घिऊन येतो म्हणून सांगून गेलता.

त्यात आमच्या गल्लीत पिच्चरवाली आली. एक भित्री बाई म्हशी चोरणारी टोळी धरती, असा गमतीचा पिच्चर. म्हैस म्हणून मैना ठरली आणि चोर म्हणून मी. डायरेक्टर माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्याला मेकप नको." मी ते कौतुक समजून गल्लीभर सांगत फिरलो.

काम सोपं हुतं. मी म्हैस सोडायची, हिरोईन ओरडणार, मी भिऊन मोटारसायकलवरनं पळायचं. हिरोईन पुण्याची. ती म्हशीला भिऊन लांबनंच ओरडायची. मैना बुजू नये म्हणून अक्का कडंला उभी.

चोर कसा दणक्यात दिसला पायजे! मी अक्कल चालवली आणि गाडीचा सायलेन्सरच काढून ठेवला.

आता कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवत्यात, हे शेंबडं पोरबी सांगंल. आणि त्या पळत्यात कशामागं? सायलेन्सर काढलेल्या गाडीमागं. मैनेला तर रेडकू असल्यापासनं अक्काच्या मालकानं तेच शिकवलेलं. एवढं सगळ्या गल्लीला ठावं, मलाबी ठावं, फकस्त त्या टायमाला डोस्क्यात आलं न्हाय.

किक मारली. फाड फाड फाड! मी सुटलो, आणि शेपूट वर करून मैना माझ्या मागं. चोर म्होरं, चोरीचा माल मागं. हिरोईन कुणाच्या तरी जिन्यावर. "आवरा की हिला!" म्हणत मी गाडी पिळतोय, आणि जितकी पिळीन तितकी मैना खूश. शेवटी मी गाडीसकट उकिरड्यात. मैना वर उभी ऱ्हाऊन कौतुकानं बघतीया.

हौसाक्का पदर खोचून पळत आली. गाडीची चावी काढली, माझी कॉलर धरली आणि डोळ्यात डोळा घालून वरडली, "गाभण हाय ती, मुडद्या! तिला काय झालं असतं म्हंजे? परत ही गाडी दारात दिसली तर तुलाच दावणीला बांधीन!"

सगळी गल्ली दारात आली. आपलाच आवाज ऐकून अक्कासुदीक दचकली.

मी शेणातनं इचारलं, "अक्का, हे मैनेला म्हणालीस का मला?"

"तुलाच, भाड्या!"

डायरेक्टरनं कॅमेरा बंदच केला न्हवता. हिरोईनला माघारी लावून दिलं आणि अक्कापुढं हात जोडलं, "आता तुम्हीच." अक्का लाजली, पर केलं तिनं. रोज मला धरायची, रोज मला हाणायची. शॉट संपला तरी हाणायची.

दिवाळी सरली आणि दीर व्यापाऱ्याला घिऊन दारात हजर. व्यापाऱ्यानं दाव्याला हात घातला. अक्का खाली बघत हुती. मी मनात म्हणालो, गेली म्हैस.

तवर अक्कानं मान वर केली. "भावजी, त्यास्नी हात काढा म्हणावं. म्हैस जायची न्हाय. मीबी यायची न्हाय."

"वैनी, एकट्या काय करशीला?"

"दूध घालीन. गिऱ्हाईक जोडीन. बोलाय येतंय मला."

व्यापाऱ्यानं दाव्यावरचा हात काढला, आणि दीर त्याला घिऊन आल्या वाटंनं गेला. गल्ली पांगली. मीबी निघालो.

"बाळू, चा घिऊन जा की."

आत गेलो. अक्कानं फळीवरनं एक कप काढला, धूळ पुसली, इसळला. मी उलटा करून बघितला तर बुडाला दुकानदाराची किमतीची चिठ्ठी तशीच.

"जोडी घेतलीती," ती म्हणाली. "मालक गेल्यावर. कोण आलं-गेलं तर असावी म्हणून."

चा ऊन न्हवता. तरी मी फुकून फुकून, लई येळ प्यालो.