सहयोगास पोषक लाकूड

माणसं एकत्र आल्याशिवाय समाज घडत नाही, आणि माणसं एकत्र यायची तर लाकूड योग्य प्रकारचं लागतं, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. सिमेंटच्या भिंतींत माणूस एकलकोंडा होतो. लाकडाच्या सान्निध्यात तो शेजारच्याला पेन देतो. (यावर परदेशात अभ्यास झाला आहे. पेन परत मिळालं का, याचा अभ्यास चालू आहे.)

याच जाणिवेतून शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी ‘सहमूळ’ नावाचं पर्यावरणपूरक कार्यस्थळ उभं राहिलं. शहरातल्या लोकांनी लॅपटॉप घेऊन इथे यावं, निसर्गात बसावं आणि एकमेकांशी सहयोग करावा, असा हेतू. आजूबाजूला सागाचं जंगल असल्यामुळे लाकूड फिनलंडहून आणावं लागलं. (साग तोडायला परवानगी लागते. फिनलंडला फक्त जहाज लागतं.) आर्किटेक्ट रविना मॅडम कामसू आणि मनाने अत्यंत चांगल्या. मी त्यांच्या हाताखाली सहयोग मोजत असे.

सहयोग मोजता येतो. दोन माणसं न ठरवता समोरासमोर आली की ती एक ‘अपघाती भेट’. अशा भेटी वाढाव्यात म्हणून मॅडमनी आतली वाट मुद्दाम अडीच फुटांची ठेवली होती. पहिल्या महिन्यात ४१२ भेटी झाल्या. पैकी ४०९ भेटींत ‘सॉरी’ हा शब्द उच्चारला गेला, दोन भेटींत काहीच नाही, आणि एक भेट बकरीशी झाली. (बकरी हिशेबात धरावी की नाही, यावर बैठक झाली. धरली.) बाकी वेळ सगळे कानात हेडफोन घालून बसत.

त्रुटी एकच होती. इमारतीला स्थानिक आत्मा नव्हता. तो टेकडीपलीकडच्या पाड्यात, कमळूच्या घरात सापडला.

कमळू आणि भिमीचं घर कुडाचं, पण मधला खांब सागाचा, कमळूच्या आजाने उभा केलेला. छपराच्या वाशांना वाळवी लागली होती. चार नवे वासे मिळावेत म्हणून कमळूने संबंधित कार्यालयात अर्ज केला होता, आणि अर्ज विहित नमुन्यात नाही असं उत्तरही तत्परतेने आलं होतं. (नमुने संपले होते.) मॅडमनी खांब पाहिला, त्यावरून हात फिरवला आणि तिथल्या तिथे ठरवलं: कंपनीने पत्र्याचं पक्कं घर बांधून द्यावं, जुनं लाकूड घेऊन जावं.

“खांब कुठं नेनार?” भिमीने नवऱ्याला विचारलं.

“कुठं जातोय गो,” कमळू म्हणाला, “टेकडीमागंच तर हाय. घर गळायचं तरी थांबंल.”

घर गळायचं थांबलं. खांब सहमूळच्या दालनात काचेच्या छताखाली उभा राहिला. त्याच्यावर आता कशाचाच भार नव्हता. थोडक्यात, त्याला बढती मिळाली होती. शेजारी पाटी लागली: ‘कृपया स्पर्श करू नये.’

चैत्रात भिमीच्या मुलीचं, काजलचं, लग्न टोकावड्याच्या रोशनशी ठरलं. भिमी चपला बाहेर काढून सहमूळमध्ये आली.

“मॅडम, पोरीची हळद हाय बुधवारी. आमच्या घरात येनारी-जानारी नवरी पयला हात खांबाला लावते. माझ्या सासूचा हात हाय त्याच्यावर, माझा हाय. आन् खांब तुमच्याकडं हाय.”

मॅडम खांबाजवळ गेल्या. काळपट सागावर फिकट पिवळे पंजे होते, एकावर एक. आम्ही त्याला लाकडाचा नैसर्गिक पोत समजत होतो. माहितीपत्रकातही तसंच छापलं होतं.

“या मावशी,” मॅडम म्हणाल्या. “पण पाच-सहा जणीच हं. बुधवारी दुपारी इथे शांततेचे तास असतात.”

बुधवारी साठ बाया आल्या. लहानी नावाच्या काजलच्या आत्याने दारातूनच गाणं उचललं. एकेक हेडफोन खाली उतरला. अनिल नावाचा एक तरुण शीतलच्या शेजारच्या टेबलावर चार महिने बसत होता, तिचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. लहानीने हळदीचा टोप त्याच्या हातात दिला. “बघतोस काय रे, धर!” त्याने धरला. जड लागला म्हणून दुसरी बाजू शीतलने धरली.

काजलने पंजा बुडवला, खांबावर ठेवला आणि तिला रडू फुटलं. भिमीने आपला हात तिच्या हातावर ठेवला. “दाब गो. नायतर उठायचा नाय.”

त्या दुपारी माझी मोजणी कोलमडली. कोण कोणाला भेटतंय आणि कोण आधीपासूनच ओळखीचं आहे, हे सांगता येईना. शेवटी तक्त्यावरही कोणीतरी हळद सांडली.

फोटो मात्र उत्तम आले. पर्यावरणपूरक इमारतींना प्रमाणपत्र देणाऱ्या समितीने ‘समुदाय सहभाग’ या सदरात शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण दिले. उरलेले सहा ‘दालनातील डाग’ या कारणाने कापले. उपाययोजना सुचवणं माझं काम होतं. मी सुचवली. मॅडमनी खिडकीबाहेर बघत सही केली.

शहापूरहून नथू सुतार घासायचं मशीन घेऊन आला. खांब बघून त्याने मशीन खाली ठेवलं.

“हे बायांचे हात हायेत, साहेब.”

“खांब मूळ स्वरूपात आणायचा आहे,” मी म्हणालो.

“मूळ स्वरूपात?” नथू म्हणाला. “मग रानात नेऊन पाला फुटवाया लागंल.”

त्याने तीन वेळा चहा घेतला आणि मग काम केलं. संध्याकाळपर्यंत खांब मधासारखा चकाकू लागला.

लग्नानंतर आखाडात काजल माहेरी आली, तेव्हा भिमी तिला हात दाखवायला घेऊन आली. दोघी खांबाभोवती एकदा फिरल्या, मग उलट्या बाजूने फिरल्या. भिमीने तळवा टेकवून पाहिला.

“ह्यो आमचाच हाय ना?” तिने मला विचारलं.

“तुमचाच, मावशी.”

“मंग मी वळखू कशी?”

या प्रश्नासाठी तक्त्यात रकाना नव्हता. काजलने आईचा दंड धरला आणि दोघी निघून गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत, त्यामुळे स्वच्छतेचा दर्जा टिकून आहे. उरलेले सहा गुणही मिळाले.

समितीचा अहवाल छापून आल्यापासून अशा लाकडाला मागणी फार वाढली. आता आजूबाजूच्या पाड्यांतली अकरा घरं पत्र्याची झाली आहेत. खांब इथेच घासून, पॉलिश करून शहरात जातात आणि त्यांचे सुंदर टीपॉय होतात. आपल्याकडे तसा एखादा असल्यास अभिनंदन; तो जुना आहे, खरा आहे, पाहुणे हटकून विचारतात. एकच विनंती. त्याच्यावर चहाचा गरम कप थेट ठेवू नका. डाग पडला की लाकडातली सगळी मजा जाते.