‘नरडं’ बँडचा मूक निषेध

“‘नरडं’चा नवीन अल्बम लावल्यावर ज्याच्या घरातली भांडी खाली पडणार नाहीत, त्याने मला तोंड दाखवू नये!” असं कवटीने महिनाभर आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

कवटी म्हणजे दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवणारा माणूस. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याच्या बायकोलाही आता जरा आठवून सांगावं लागे. अंगात काळा शर्ट, शर्टावर कवटी, डोक्याला काळा रुमाल आणि रुमालाखालून खांद्यावर रुळणारे केस. रुमालाच्या आत मात्र भलंमोठं टक्कल होतं. ते फक्त बायकोला ठाऊक होतं, आणि तिला त्याने शपथ घातली होती.

‘नरडं’चा ‘हाडांचा चुरा’ हा अल्बम ऐकत तो लहानाचा मोठा झाला. कवळ्या घासायचं मशीन सुरू असताना तोच लावायचा. मशीन कुठलं आणि गिटार कुठली, हे बाहेर कुणालाच कळायचं नाही. कवटीला यात बँडचा मोठाच गौरव वाटे.

अल्बम आला. कवटीने खोलीचं दार लावलं, आवाज पूर्ण चढवला. बायकोने सवयीने काचेचे ग्लास फडताळातून काढून गादीवर ठेवले. आणि स्पीकरमधून बासरी वाजायला लागली! पाठोपाठ एक पक्षी. मग तो गायक, जो आजवर पायावर वरवंटा पडल्यासारखा गायचा, तो हळुवार आवाजात म्हणाला, “ये रे थेंबा, पानावर ये...”

कवटीने उठून स्पीकरची वायर हलवून पाहिली. थेंब काही जाईना.

इतक्यात दारावर टकटक झाली. सासूबाई! आजवर त्या मुठीने दार बडवत आल्या होत्या, आज एका बोटाने वाजवत होत्या.

“जावईबापू, जरा मोठं करा ना! किती गोड आहे हो!”

कवटीने वायरच उपटून काढली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पाऊल टाकतो तर तिथेही थेंब! पेशंट बसतात त्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी अख्खा अल्बम लावून ठेवला होता.

“अहो, काय गुणी मंडळी आहेत ही! आत्ता रूट कॅनॉल करताना पेशंट चक्क घोरायला लागला. तुम्ही इतकी वर्षं ऐकताय, बोलला नाहीत कधी!”

तो इतकी वर्षं दुसरं काहीच बोलत नव्हता. त्याच दरवेळी मधलं दार लावून घ्यायच्या.

संध्याकाळी, विमा कंपनीत काम करणारा आणि चाहत्यांत ‘बुलडोझर’ म्हणून ओळखला जाणारा एक दोस्त होता, त्याच्या गॅरेजमध्ये सभा भरली. सगळे काळ्या कपड्यांत आणि रडकुंडीला आलेले.

“विकले गेले साले!”

“गायकाला मूलबील झालं असणार. दुसरं काय!”

“त्यांचा कार्यक्रम आहे ना, तिथे बाटल्या फेकू!” बुलडोझर गरजला.

“काहीतरीच काय!” कवटी म्हणाला. “आपल्यात बाटली म्हणजे पुष्पगुच्छ. वर्मी लागेल असं करायचं. कुणी ओरडायचं नाही, मान हलवायची नाही. खाली बसायचं, मान खाली घालायची आणि गप्प. टाळीसुद्धा नाही! घाबरून हे ‘हाडांचा चुरा’वर परत आले नाहीत, तर नाव बदलीन माझं!”

“वा! आणि डोक्यावरचे रुमालही काढायचे. बँड मेला आपल्यासाठी!” बुलडोझरने भर घातली.

कवटीचा हात आपसूक रुमालाच्या गाठीवर गेला. पण पुढारीच तो, मागे कसा हटणार? शिवाय सगळ्यांच्याच माना खाली असणार, मग बघणार कोण? या हिशोबावर तो स्वतःच खूश झाला. स्टेज उंचावर असतं, एवढी बारीक गोष्ट त्याच्या लक्षातच आली नाही.

कार्यक्रमाला सासूबाई हट्टाने आल्या आणि बायकोबरोबर मागे बाल्कनीत जाऊन बसल्या. पडदा वर गेला, बासरी सुरू झाली आणि खालची सगळी काळी गर्दी एकदम जमिनीवर बसली. रुमाल उतरले. माना खाली गेल्या. चिडीचूप! आयुष्यभर गरागरा फिरवलेल्या माना एका जागी धरून ठेवायच्या म्हणजे केवढी शिक्षा! कवटीच्या मानेत पेटके येत होते. पण गडी हलला नाही. गाणं संपलं, टाळी नाही. दुसरं संपलं, टाळी नाही. तिसऱ्यात गायकाचा आवाज कापायला लागला.

“फाटली रे त्याची!” बुलडोझर कुजबुजला.

गाणं थांबलं. गायक हुंदके देत होता.

“मित्रांनो,” तो म्हणाला, “इतकी वर्षं आम्ही वाजवतोय, पण आमचं गाणं कुणी असं शांतपणे ऐकलंच नव्हतं! खरं सांगू? आम्ही फार घाबरलो होतो. आज एक जरी बाटली आली असती ना, तरी ही बासरी मोडून ‘हाडांचा चुरा’ सुरू करायचा आणि जन्मभर तेच वाजवायचं, असं ठरवून आलो होतो. पण तुम्ही तर माना झुकवल्यात! आता जुनं गाणं पुन्हा कधीच नाही!”

बुलडोझर बाटलीसाठी खिसे चाचपायला लागला. कवटीच्या सांगण्यावरून सगळे रिकाम्या हातांनी आले होते.

“वन्स मोर!” बाल्कनीतून सासूबाई ओरडल्या.

आणि हा क्षण जपून ठेवायला म्हणून ड्रमवाल्याने स्टेजवरून त्या झुकलेल्या गर्दीचा फोटो काढला.

पुढच्या अल्बममधून ड्रमही गेले. अल्बमचं नाव ‘मौन’. मुखपृष्ठावर तोच फोटो. अंधारात शेकडो काळी डोकी आणि बरोबर मधोमध, स्टेजचा सगळा उजेड अंगावर घेतलेलं एक गुळगुळीत टक्कल. डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोस्टर दवाखान्यात लावलं. घरी सासूबाईंनी दिवाणखान्यात लावलं आणि चष्मा पुसून त्या निरखत बसल्या.

“जावईबापू, हा मधला कोण हो? याला खरं गाणं कळतं. बघा ना, कसा तल्लीन झालाय!”

बायको शपथेला जागून पंख्याकडे बघत राहिली.

कवटीने डोक्यावरचा रुमाल जरा खाली ओढला आणि म्हणाला, “असेल कुणीतरी दर्दी.”