संयोगद्वार विस्तारक निवड समिती

विवाह नोंदणी कार्यालयातल्या तिसऱ्या खिडकीच्या संगणकाला मुळात चार यूएसबी पोर्ट होते. एकात कुणाची तरी पिन मोडून अडकली होती. दुसऱ्याला साहेबांचा छोटा पंखा लावलेला असे. साहेब घरी जाताना तो रोज हिसका मारून काढत, त्यामुळे तो पोर्टच एके दिवशी आत गेला तो गेलाच. उरले दोन. या दोन पोर्टांच्या बळावर खिडकीतल्या कारकून बाईंनी सहा वर्षांत नऊ हजारांवर लग्नं नोंदवली होती. नावं टाइप झाली की की-बोर्ड काढायचा आणि कॅमेरा लावायचा. फोटो निघाला की माउस काढून अंगठ्याचं यंत्र लावायचं. शेवटी तेही काढून प्रिंटर. बाईंचे हात इतके सराईतपणे चालत, की समोरच्या जोडप्याला हा कायद्यानेच ठरवून दिलेला विधी वाटे आणि ती दोघं आदराने उभी राहत.

मग महिन्याच्या तीन तारखेला नवा प्रोग्रॅम आला. विवाहाची विश्वासार्हता वाढावी म्हणून त्याने एक अट घातली होती: की-बोर्ड, माउस, कॅमेरा, अंगठ्याचं यंत्र आणि प्रिंटर ही पाचही उपकरणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडलेली असली पाहिजेत. एक जरी सुटलं, तरी विवाह स्थगित.

त्या सकाळी पहिला नंबर एका बेकरीवाल्याचा आणि एका नर्सचा होता. बेकरीवाला पहाटेपासून भट्टीपुढे उभा राहून आला होता, कानामागे अजून मैदा होता. नर्स रात्रपाळी करून आली होती. साक्षीदार म्हणून तिची मावशी होती आणि ती कुठूनही आली असती तरी तितकीच ताजीतवानी दिसली असती. नर्सची दुसऱ्या गावातल्या रुग्णालयात बदली झाली होती. तिथे विवाहितांसाठी दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. पंधरा तारखेपर्यंत दाखला दिला तर क्वार्टर हिचं, नाहीतर यादीतल्या पुढच्याचं.

बाईंनी नेहमीप्रमाणे माउस काढून अंगठ्याचं यंत्र लावलं. पडदा लाल झाला आणि त्यावर अक्षरं उमटली: "अंगठा मिळाला. उंदीर सापडत नाही. विवाह स्थगित."

मावशीने चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. "अहो बाई, उंदीर नाही म्हणून लग्न अडलंय? आमच्या घरात तीन आहेत, आणू का एक?"

"तसं नाही हो मावशी," बाई म्हणाल्या. "मला एक हब हवाय. संगणकाच्या एका पोर्टला लावला की एकाचे चार होतात. एवढासा असतो."

"हा घ्या!" नर्सने पर्समधून तळहाताएवढी काळी डबी काढली. "माझ्याकडे आहे. चारचा आहे."

बाईंनी हात पुढे केला, तेवढ्यात मागून साहेबांचा आवाज आला. "बाई, काय चाललंय? खाजगी भोकातून सरकारी विवाह?"

बाईंनी हात मागे घेतला आणि नियमाप्रमाणे मागणीपत्र लिहिलं: "एक यूएसबी हब मिळावा." साहेबांनी ते परत पाठवलं. हब हा शब्द कार्यालयीन शब्दकोशात नव्हता. दोन दिवसांनी त्याला "संयोगद्वार विस्तारक" हे नाव मिळालं आणि नाव मिळाल्यामुळे त्याच्यासाठी समिती नेमणं शक्य झालं. समितीत साहेब, भांडारपाल आणि एक तांत्रिक सल्लागार होते. सल्लागारांनी आयुष्यभर पाण्याच्या टाक्या बांधल्या होत्या, पण टाकीलाही एकाहून जास्त नळ असतात हे लक्षात घेऊन त्यांना घेतलं होतं.

पहिल्या बैठकीत प्रश्न निघाला, द्वारं किती हवीत? बाजारात चारचा मिळतो आणि सातचा मिळतो.

"उपकरणं पाच आहेत साहेब," बाईंनी सांगितलं. "संगणकाचे पोर्ट दोन. एकात हब लावला, दुसऱ्यात प्रिंटर. हबचे चार राहतात आणि उरलेली उपकरणंही चारच. चारचा बरोब्बर पुरतो."

"आज पुरतो," भांडारपाल म्हणाले. "आज लग्नाला दोन माणसं लागतात म्हणून. उद्या कायदा बदलला तर?"

साहेब गंभीर झाले. "शिवाय यात एक मूलभूत दोष आहे. पोर्ट कमी आहेत म्हणून आपण वस्तू घेतोय आणि ती वस्तू आल्याआल्या एक पोर्ट खाऊन बसणार. म्हणजे टंचाईत भर. यावर लेखी खुलासा लागेल."

खुलाशात तीन दिवस गेले. मग सल्लागारांनी सांगितलं की सातच्या हबला भिंतीतून वेगळी वीज लागते. तिसऱ्या खिडकीजवळ प्लग एकच होता आणि त्यावर संगणक चालत होता. संगणक बंद ठेवून हब चालू ठेवता येईल का, याचा अभ्यास करायला उपसमिती नेमली. उपसमितीतही तेच तिघे होते, फक्त त्यांनी खुर्च्या बदलल्या.

बेकरीवाला आणि नर्स रोज साडेदहाला येऊन बाकावर बसत. आठव्या दिवशी साहेबांनी, बाधित नागरिकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय घेणं अन्यायाचं होईल, म्हणून दोघांना सुनावणीला बोलावलं.

"जावईबापू, मी पण येते," मावशी उठली.

"अजून ते जावई नाहीत," साहेब म्हणाले. "आणि ते जोडपंही नाहीत. म्हणून एकेकटे या."

बेकरीवाला आत गेला आणि म्हणाला, चारचा घ्या, बाईंचा हिशोब बरोबर आहे. नंतर नर्स आत गेली. अकरा वर्षं वॉर्डात काढल्यामुळे तिला माहीत होतं की ऐनवेळी प्लग नेहमी एक कमीच पडतो. ती म्हणाली, कुठलाही घ्या पण आज घ्या, आणि विचारतच असाल तर सातचा बरा.

साहेबांनी दोन्ही जबाब शेजारीशेजारी ठेवले. त्यांचा चेहरा उतरला. "विवाहाला उभयपक्षी संमती लागते," ते बाईंना म्हणाले, "आणि इथे तर उभयपक्षी मतभेद आहे. यांना आधी समुपदेशनाला पाठवा."

बाकावर परत आल्यावर बेकरीवाल्याने विचारलं, "तू सात म्हणालीस?"

"त्यांनी विचारलं म्हणून म्हणाले."

"पण वस्तू चारच आहेत ना! तीन भोकं रिकामी ठेवून काय करायचंय?"

"आज रिकामी आहेत. तुला कायम आजचंच दिसतं. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळतंय तर म्हणालास, आपल्याला एक पुरे."

"पुरलीच असती."

"बघ, हेच."

खरं तर भांडण तिथेच मिटलं असतं. दोघांनाही झोप हवी होती. पण बाकावर आणखी वीस-पंचवीस माणसं होती आणि त्यांनाही आठ दिवसांत करायला दुसरं काही नव्हतं. एक गृहस्थ म्हणाले, माणूस बरोबर बोलतोय, उधळेपणा कशाला. त्यांच्या होणाऱ्या बायकोने लगेच नर्सची बाजू घेतली. दुपारपर्यंत बाकाचे दोन भाग झाले. एका टोकाला चारवाले, दुसऱ्या टोकाला सातवाले. मधे कुणी बसेना. दुसऱ्या दिवशी सातवाल्यांनी बेकरीतून पाव घेणं बंद केलं. चारवाल्यांनी जाहीर केलं, इंजेक्शन घेऊ पण सातवाल्या नर्सकडून घेणार नाही. स्थानिक वर्तमानपत्राने "द्वारं किती असावीत?" या विषयावर एका निवृत्त प्राचार्यांचा लेख छापला. त्यांनी हब कधी पाहिला नव्हता, त्यामुळे लेख अतिशय संतुलित झाला. मावशी सातवाली झाली आणि होणाऱ्या जावयाकडे बघेनाशी झाली. कार्यालय मात्र प्रसन्न होतं. सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणी उशिराबद्दल तक्रार करत नव्हतं.

बाराव्या दिवशी समितीने जनभावना लक्षात घेऊन मध्यम मार्ग काढला. चार आणि सात यांची सरासरी, म्हणजे साडेपाच द्वारांचा विस्तारक. तसा बाजारात मिळत नव्हता. तो खास बनवून देणाऱ्यांकडून अर्ज मागवावेत असं ठरलं आणि बैठक उठली.

पंधरा तारखेला नर्स एकटीच आली. पावणेबारा झाले होते. बेकरीवाला बाकाच्या चारवाल्या टोकाला आधीच येऊन बसला होता, मावशी सातवाल्या टोकाला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. नर्स खिडकीशी गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, आमची कागदपत्रं परत द्या. क्वार्टर आज दुसऱ्याला देतायत. मी एकटीच जाते आता."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग बाकाच्या टोकाकडे पाहिलं. तो मान खाली घालून नखांतला मैदा काढत होता. बाईंनी सहा वर्षांत नऊ हजार जोडपी बघितली होती. त्यातली कोणती टिकणार, हे त्यांना फोटो काढतानाच कळायचं आणि हे जोडपं टिकणारं होतं.

"तो तुमचा हब अजून आहे का पर्समध्ये?"

साहेब बैठकीत होते. बाईंनी हब लावला आणि त्यात एकेक करून चारही वायरी खोचल्या. प्रिंटर शेजारच्या पोर्टला लावला. पडदा हिरवा झाला. "अहो, या इकडे," त्यांनी बेकरीवाल्याला हाक मारली. "अंगठा पुसा आधी. मावशी, तुम्हीपण या. रागावलात तरी साक्षीदार तुम्हीच आहात."

चार मिनिटांत लग्न झालं. गरम दाखला हातात घेताना नर्स एकदम रडायला लागली आणि बेकरीवाल्याने सगळ्यांसमोर तिचा हात धरला. "सात तर सात," तो म्हणाला. "चारच पुरे," ती म्हणाली. दोघं दाखला घेऊन धावत बाहेर पडली. क्वार्टर त्यांना मिळालं.

बाईंनी हळूच पुढच्या जोडप्याला बोलावलं. पण पुढचं जोडपं उठलं नाही.

"हा चारचा आहे," त्यातला नवरदेव म्हणाला, तो सातवाल्यांपैकी होता. "आमचं लग्न चारावर लावणार? मुळीच नाही."

चारवाल्यांना चारचा हब मान्य होता, पण तो एका सातवालीच्या पर्समधून आला होता. अर्ध्या तासात तक्रार तयार झाली. नियम धाब्यावर बसवून खाजगी उपकरण वापरलं, समितीचा अपमान केला, रांगेचा विश्वासघात केला. खाली एक्केचाळीस सह्या होत्या. सदतिसावी सही मावशीची होती. भाचीचं भलं झालं याचा तिला आनंदच होता, पण तत्त्व म्हणून काही आहे की नाही?

साहेब बैठकीतून बाहेर आले तेव्हा त्यांना काहीच करावं लागलं नाही. बाईंना निलंबित करण्याची मागणी जनतेचीच होती. त्यांनी ती जड अंतःकरणाने मान्य केली आणि जड अंतःकरणानेच जेवायला गेले.

चौकशीत बेकरीवाल्याला साक्षीला बोलावलं, तेव्हा तो आनंदाने आला, भट्टी बंद ठेवून आला. अठरा मिनिटं तो बोलला. पहिल्या दिवसापासून आपण चार म्हणत होतो आणि शेवटी चारच कसे पुरले, हे त्याने उपकरणांची नावं घेऊन समजावून सांगितलं. बाईंचा विषय यायच्या आत वेळ संपला. जाताना त्याने कुणालातरी विचारलंही, "त्या बाई दिसत नाहीत कुठे?"

आता चौकशी समितीने सर्वसामान्य नागरिकांचं मत मागवलंय. बंद पडलेल्या तिसऱ्या खिडकीवर छापील कागदांचा गठ्ठा आणि दोरीने बांधलेलं पेन आहे. कागदावर दोनच प्रश्न आहेत. पहिला: द्वारं चार असावीत की सात? दुसरा: संबंधित कर्मचाऱ्याला कामावर परत घ्यावं का? आजवर सहाशेवर कागद भरून आले. पहिल्या प्रश्नावर लोकांनी समासातसुद्धा लिहिलंय, काहींनी पुरवण्या जोडल्या आहेत. दुसरा प्रश्न सगळ्यांनी कोरा सोडलाय.

गठ्ठ्यात कोरे कागद अजून बरेच आहेत, तुम्हीही भरू शकता. पहिल्याचं उत्तर तर तुमचं मघाशी, वाचता वाचताच ठरून गेलंय.