साउंड कार्ड बसवण्याची घरगुती कार्यवाही

संगणकाचं झाकण उघडण्याची पात्रता प्रत्येक पुरुषात जन्मजात असते. ते परत लावण्याची पात्रता शिक्षणाने येते, आणि तेवढा वेळ सहसा कुणाकडे नसतो.

ताईचा धाकटा भाऊ मुद्रितशोधक होता, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा. ताई गाणं शिकवायची. तिच्या संगणकाचा आवाज अचानक बसला, आणि पाच वाजता तर परगावच्या सतरा विद्यार्थिनींची परीक्षा त्यावरूनच घ्यायची होती.

"दुरुस्तीवालीला बोलावू का?" ताईने विचारलं.

"कशाला? नवीन साउंड कार्ड आणलंय. दहा मिनिटांचं काम." (अशी एकोणनव्वद टक्के कामं दहा मिनिटांत सुरू होतात. ती संपण्याविषयी आकडेवारी उपलब्ध नाही.)

त्याने वायर काढली, पेटी उघडली आणि आत गंभीरपणे पाहिलं. कार्डासाठी एक खाच रिकामी होती. पण तिच्यासमोर पत्र्याची पट्टी, पट्टीला स्क्रू आणि स्क्रूला गंज. शेजारच्या खाचेत एक जुनं कार्ड बसलं होतं. ते काय काम करतं याची चौकशी न करता त्याला तत्काळ पदमुक्त करण्यात आलं. नवं कार्ड 'खट्' करून बसलं. त्या आवाजाने त्याची छाती दोन इंच फुगली.

मग संगणकाने प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्याने सगळ्यांना 'होय' म्हटलं. (त्यातला एक प्रश्न 'रद्द करू का?' असा होता.) चौथ्या खेपेला स्पीकरमधून खणखणीत सूर आला.

"आला गं आवाज!"

"मुली कुठायत पण?" ताई पडद्याकडे बघत म्हणाली. इंटरनेट गेलं होतं. टेबलावर उताणं पडलेलं ते जुनं कार्ड इंटरनेटचंच होतं.

पाचला वीस मिनिटं कमी. ताई मुलींच्या नावांची यादी घडी करून ठेवू लागली, आणि तेच त्याला जास्त लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो म्हणाला, "ताई, मला हे येत नाही. बोलाव तिला."

दुरुस्तीवाली आली. गंजलेल्या स्क्रूवर तेलाचा थेंब, पट्टी बाहेर, दोन्ही कार्डं शेजारी शेजारी. नऊ मिनिटं. पाचच्या ठोक्याला पहिली मुलगी गाऊ लागली.

"हे आधी कुणी उघडलं होतं?" दाराशी जाता जाता तिने सहज विचारलं.

ताईने भावाकडे पाहिलं. भावाने छताकडे.

"आधी एक मेकॅनिक येऊन गेला," तो म्हणाला.

"फार हिंडतो हो, काका, हा मेकॅनिक," ती चपला घालत म्हणाली. "याच आठवड्यात पाच घरी जाऊन आलाय. कुणालाच त्याचं नाव आठवत नाही."

ज्या वाचकांच्या घरी तो कधीच आलेला नाही, त्यांनी कृपया हात वर करावा. (स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून.)