पाचवा बोल्ट

"आता मुकाट्यानं ये बाहेर, दुखणार नाही," असं डॉक्टर त्या बोल्टला म्हणाले, आणि आपण कोणाशी बोलतोय हे लक्षात येऊन त्यांनी मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. कुंपणाच्या भिंतीवर हाताची घडी टेकवून शेजारचे निवृत्त फौजदार उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"असं गोड बोलून कोणी कबूल होत नाही डॉक्टर," फौजदार म्हणाले. "माझा अनुभव सांगतो."

डॉक्टर दातांचे. हयात दात काढण्यात गेली. पेशंट खुर्चीतून पळाले असतील, पण दात निघाल्यावाचून राहिला असं एकदाही झालं नाही, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. दवाखाना बंद केल्यापासून त्यांचे हात शिवशिवत होते आणि त्या हातांना काम म्हणून अंगणात ही जीप होती. ती त्यांनी तरुणपणी एका खाणवाल्याकडून घेतली. घरी ती स्वतःच्या ताकदीवर आली, असं डॉक्टर म्हणत. रस्त्याला उतार होता म्हणून आली, असं त्यांची बायको म्हणे. आली ती थेट स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभी राहिली, आणि तेव्हापासून त्या घरात भाजी दिवसाही दिवा लावून चिरावी लागत होती.

शेवटी बायकोने निकाल दिला होता. "रविवारी चारपर्यंत ही बया स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली तर राहील. नाही गेली तर भंगारवाला नेईल. मी सांगून ठेवलंय त्याला."

"चारला कशाला? तीनलाच तुला चक्कर मारून आणतो!" डॉक्टर तडकून म्हणाले होते.

हे अगदीच हवेतलं बोलणं नव्हतं. इंजिन आदल्याच आठवड्यात सुरू झालं होतं आणि सगळी गल्ली खोकली होती. अडलं होतं मागचं डावं चाक. आतला ब्रेक गंजून असा आवळला होता, की चाक काही केल्या फिरेना. चाक काढायचं, ब्रेक मोकळा करायचा, चाक बसवायचं आणि निघायचं. चाकाला बोल्ट पाच. त्यातले चार रविवारी सकाळी न्याहारीच्या आधीच निघाले. पाचवा मात्र कोणाच्या बापाचं ऐकायला तयार नव्हता.

डॉक्टरांनी आधी त्याला लवंगेचं तेल लावलं.

"अहो, गंजाला लवंगेचं तेल?" खिडकीतून बायकोचा आवाज आला. ही बाई दवाखान्यात त्यांची मदतनीस होती. हत्यारं देणं, पेशंटचं डोकं धरणं, रडणाऱ्याला गप्प करणं, सगळं तिनेच केलं होतं. त्यामुळे ती चुका लगेच पकडे.

"मुरायला काहीतरी लागतं ना!"

"मग रॉकेल लावा. ते दाढदुखीचं तेल आहे."

रॉकेल लावलं. बोल्ट चकचकीत झाला, पण हलला नाही. हातोडीने ठोकून झाला. मग फौजदारांनी सल्ला दिला, की पान्याला लांब पाइप अडकवा, म्हणजे जोर वाढेल. अंगणात लांब पाइप एकच होता आणि तो कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब होता. डॉक्टरांनी तो उपटला. त्यासरशी धुतलेल्या चादरी, उशांचे अभ्रे आणि फौजदारांचा वाऱ्याने इकडे उडून आलेला एक बनियन असं सगळं मातीत लोळलं.

"अहो! काय पडलं?" आतून हाक आली.

"काही नाही! तू बाहेर येऊ नकोस!" डॉक्टर ओरडले. हे वाक्य त्या घरात आग लागल्यावरसुद्धा इतक्या घाईने कोणी म्हटलं नसतं.

पाइप पान्यात अडकवून डॉक्टर त्यावर लोंबकळले. बोल्ट हलेना. तेव्हा त्यांना चेव आला. ते पाइपवर चढले, भिंतीचा आधार घेतला आणि नाचल्यासारख्या उड्या मारू लागले. तिसऱ्या उडीला काहीतरी हललं. हलली ती जीप. ती जॅकवरून घसरली आणि तिचा मागचा कोपरा भिंतीलगतच्या नळावर बसला. नळ तुटला. पाण्याची धार उडाली ती फौजदारांच्या छातीवर, आणि "अरे, अरे, अरे!" म्हणत ते मुख्य चावी बंद करायला धावले. तोवर अंगणात चिखल झाला होता आणि जीपचं डावं चाक त्यात आरामात रुतलं होतं. चादरी त्याच चिखलात होत्या.

बायको दारात येऊन उभी राहिली. तिने नळ पाहिला, चादरी पाहिल्या, नवऱ्याला पाहिलं.

"साडेतीन झाले," एवढंच ती म्हणाली.

"मी हरलेलो नाही!" डॉक्टर म्हणाले. त्यांच्या चष्म्याच्या एका काचेवर चिखल होता. "एका बोल्टपुढे मी हरणार नाही, ऐकतेस ना?"

भंगारवाला वेळेचा पक्का निघाला. चारला टेम्पो फाटकात. माणूस धिप्पाड, बरोबर हाताखाली एक गडी, आणि टोलेजंग आत्मविश्वास. त्याने जीपला एक लाथ घातली. ती डॉक्टरांना स्वतःच्या पोटरीत लागली.

"काकू, दहा मिनिटांत अंगण रिकामं करतो."

दोर बांधून टेम्पोने ओढलं. जीप ढिम्म. पुन्हा ओढलं, तर दोरच तुटला. भंगारवाला वाकून बघू लागला. "चाक जाम आहे. काढावं लागेल. काय, एकच बोल्ट राहिलाय? एवढंच?"

त्याने आपला हातभर पाना काढला आणि बोल्टला लावला. डॉक्टर बाजूला चिखलात उभे होते. सकाळपासून त्यांनी त्या बोल्टला नाही नाही ते बोलून घेतलं होतं. पण पाना लागला मात्र, आणि ते झटकन एक पाऊल पुढे आले. भंगारवाल्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. डॉक्टर मनातल्या मनात म्हणाले, सोडू नकोस. अजिबात सोडू नकोस, बहाद्दरा.

पाना सटकला आणि भंगारवाल्याची बोटं सोलवटली. गड्याने जोर लावला, तो मागे आपटला. दोघांनी मिळून लावला, तरी बोल्ट जागच्या जागी. डॉक्टरांची छाती टरारून फुगली.

"शाब्बास!" ते मोठ्याने म्हणाले.

"कोणाला म्हणताय?" भंगारवाला घामाघूम होऊन उठला. बोटं झोंबत होती, गड्यासमोर अब्रू गेली होती, त्यामुळे जीभ सैल सुटली. "सगळी कड घासून गुळगुळीत करून ठेवलीय यांनी! असल्या हातांनी दात काढायचात का हो तुम्ही? का पेशंटच घाबरून तोंडातून टाकून देत होते?"

गडी हसला. फौजदारांनाही हसू येणार होतं, पण त्यांनी दाराकडे पाहिलं आणि ते खोकले.

बायको पायऱ्या उतरून खाली आली. तिच्या चेहऱ्यावर दवाखान्यातला जुना भाव होता. भलेभले पेशंट तो बघून गुमान तोंड उघडत.

"त्या हातांनी काढलेला एक दात मोडला नाही," ती म्हणाली. "मी होते शेजारी. सरका बाजूला."

"काकू, तुम्ही कशाला..."

"सरका म्हटलं ना!" मग नवऱ्याकडे वळून, "आणि तुम्ही सकाळपासून काय चालवलंय? नुसतं हिसडे मारताय! दात कधी एका हिसड्यात काढला होता का? आधी हलवायचा, पुढे-मागे. विसरलात?"

डॉक्टरांनी हातांकडे पाहिलं. खरंच विसरले होते.

"मी डोकं धरते," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी पान्याचं तोंड बोल्टवर घट्ट दाबून धरलं. "हां, आधी आवळा. थोडंसं. आता सोडा. परत आवळा. घाई नको."

डॉक्टर बसले. आवळलं, सोडलं, आवळलं, सोडलं. मग एक बारीक कुरकुर ऐकू आली. आणखी थोडं रॉकेल, आणखी थोडी कुरकुर, आणि बोल्ट केसभर फिरला. मग बोटभर. मग तो गरागरा फिरत बाहेर आला आणि डॉक्टरांच्या तळहातावर पडला, मुळासकट, अख्खा.

"निघाला!" डॉक्टरांनी आरोळी ठोकली. बायको हसत होती. चिखलात गुडघे टेकून, हात काळे करून, अगदी मनापासून हसत होती. दवाखान्याला कुलूप लागल्यापासून दोघांनी मिळून काही केलंच नव्हतं, आणि त्याची चुटपुट आपल्यालाही होती, हे तिला त्या घडीला कळलं.

"झकास!" भंगारवाल्याने टाळी वाजवली. "माझं काम सोपं केलंत. चला रे, ब्रेक मोकळा करा आणि चढवा वर."

डॉक्टरांचा आनंद तिथल्या तिथे विझला. चार कधीच वाजून गेले होते. शब्द तो शब्द. त्यांनी मान खाली घातली आणि तळहात बायकोपुढे धरला.

"तुझी खिडकी," ते म्हणाले. "ने म्हणावं."

बायकोने बोल्ट उचलला. खिडकीकडे पाहिलं. मग पुन्हा खाली बसली, बोल्ट भोकात घातला, पाना लावला, त्यात पाइप अडकवला आणि सगळं अंग टाकून तो आवळला.

"अहो काकू! हे काय करताय?"

"चाक जाम आहे," ती उठत म्हणाली. "गाडी हलणार नाही. या तुम्ही."

"आत्ता तर बोल्ट निघाला होता! या साहेबांनी पाहिलंय! काय हो?"

फौजदार अंगातल्या ओल्या बनियनवरच ऐटीत ताठ झाले. "मी काहीही पाहिलेलं नाही," ते म्हणाले.

"पण तुम्हीच बोलावलंत ना मला!"

"मीच बोलावलं, मीच परत पाठवतेय. आमच्या गाडीला लाथ मारायला नव्हतं बोलावलं."

टेम्पो बडबडत निघून गेला. बायको चादरी गोळा करून आत गेली, तिने स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि भांडी आपटायला सुरुवात केली. आपटणं नेहमीपेक्षा हलकं होतं. डॉक्टरांना आता दम निघेना. त्यांनी पाना घेतला, बोल्टला लावला, पुढे-मागे केला. पुन्हा केला. मग पाय रोवून केला.

"अगं, हा हलत नाही! किती घट्ट बसवलायस तू?"

खिडकीतून जीपच्या टपावरून आवाज आला.

"दवाखाना बंद झालाय. उद्या सकाळी या. रिकाम्या पोटी येऊ नका, आणि डोकं धरायला माणूस आहे आमच्याकडे."